भिंतीचा कोन

ठकू झाल्यापासून माझ्या कानांना सुट्टी नाही. नळ सोडलेला असो, मिक्सर फिरत असो, पलीकडच्या खोलीत तिने कूस बदलली तरी मला इकडे समजतं. नवरा चेष्टा करतो, "तुझे कान काढून दाराला लावले तर बेल बसवायला नको." पण ठकूसाठी उघडे ठेवलेले हे कान बाबांचंही ऐकत राहिले. आणि जे ऐकलं, ते मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. तंत्रशाळेत आरेखन शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सूर्यघड्याळं करायचा नाद लावून घेतला. भिंतीवर बसवायची, पत्र्याची, मधोमध तिरका काटा आणि त्याच्या सावलीसाठी कोरलेल्या तासांच्या रेघा. एका भिंतीचं घड्याळ दुसऱ्या भिंतीला चालत नाही, हे मला या घरात आल्यावर कळलं. भिंत कुठे तोंड करून उभी आहे त्यावर सगळं. "माणसाला तोंड फिरवता येतं, भिंतीला येत नाही. म्हणून तिची मर्जी आपण सांभाळायची," असं बाबा सांगायचे. जो येईल त्याला सांगायचे.

या रेघांचं गणित ते संगणकावर करत. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बसवून दिलेली साधी काळी खिडकी होती. तिच्यात एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, खाली उत्तर येतं. मग पुढची ओळ. ओळ लांबलचक असायची. गावाचा अक्षांश, भिंतीचा कोन, काट्याची लांबी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळं कंसात, स्वल्पविराम देऊन.

आणि ती खिडकी होती अगदी मठ्ठ. लिहिलेली ओळ लगेच विसरायची. ओळीच्या सुरुवातीला एक आकडा चुकला आणि शेवटी लक्षात आलं, तर मागे जाता यायचं नाही. डावीकडचा बाण दाबला की कर्सर सरकायच्या ऐवजी कंस, टोपीच्या आकाराची खूण असली भलतीच चिन्हं उमटायची. मग सगळी ओळ पुसा आणि पहिल्यापासून लिहा. सासूबाई गेल्यानंतर बाबांच्या चुका वाढल्या होत्या. दिवसभर त्यांच्या खोलीतून "अरे लेका! परत?" ऐकू यायचं. एकदा त्यांनी रागाने कीबोर्डवर हात आपटला. माझ्या कडेवरची ठकू दचकून रडायला लागली आणि बाबांचा चेहरा एवढा उतरला की मी म्हटलं, "थांबा, मी बघते त्याच्याकडे."

बघणं माझ्या हातातलं होतं. संगणकाचंच शिकले आहे, आणि बाळंतपणाच्या रजेवर येण्याआधी कामही तेच करत होते. ठकू दुपारी झोपली की मी बाबांच्या खुर्चीत बसायचे. दोन-तीन दुपारींत ती खिडकी माणसात आली. डावा-उजवा बाण दाबला की कर्सर ओळीत हवा तिथे जायला लागला. वरचा बाण दाबला की मागची ओळ जशीच्या तशी परत, अजून दाबला की तिच्या मागची. संगणक बंद करून उघडला तरी कालच्या, परवाच्या ओळी तयार. सुरुवातीची दोन अक्षरं लिहून वरचा बाण दाबला तर त्या अक्षरांनी सुरू होणारीच ओळ समोर.

बाबांनी एकदा करून बघितलं, दोनदा करून बघितलं, आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागले.

"अगं, हे तर थेट तुझ्या सासूवर गेलंय. माझ्या तोंडातून दोन अक्षरं निघायच्या आत वाक्य पुरं करायची!"

"आणि बरोबर असायचं का ते वाक्य?"

"तिच्या दृष्टीने नेहमी बरोबर असायचं."

त्या दिवशी घरात फार दिवसांनी मोकळं वाटलं. दुपारी नवरा कामावरून आला तर बाबांनी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. "बारक्या, इकडे ये. बघ तुझ्या बायकोने काय केलंय." बारक्या म्हणजे माझा नवरा. दारातून वाकून आत येतो एवढा उंच आहे, पण घरातलं शेंडेफळ, म्हणून अजून बारक्या.

सोय अशी होती की जुनी ओळ वर आणायची, बाणाने भिंतीच्या कोनापर्यंत जायचं, तेवढा आकडा बदलायचा, एंटर. बाकीची ओळ तीच राहते, भिंत तेवढी बदलते. माझ्या कानांना ते आवाज पाठ झाले. आधी वरच्या बाणाचे दोन-चार ठोके. मग डाव्या बाणाची बारीक टकटक. मग थोडी शांतता, त्यात बाबांचं पुटपुटणं. मग आकडे. आणि शेवटी एंटरचा जाड ठोका.

याच सुमारास माझ्या ऑफिसातून विचारणा सुरू झाली. रजा संपत आली होती. नवऱ्याची कामाची पाळी पहाटेची, तो दुपारी घरी येतो. म्हणजे प्रश्न फक्त सकाळचा होता. नवरा म्हणाला, "बाबा आहेत ना. उलट त्यांना बरंच वाटेल." बाबा म्हणाले, "दोन पोरं वाढवली मी. एवढीशी ठकी काय जड आहे?" आणि ठकूने त्यांच्या चष्म्याला हात घालून संमती दिली.

फक्त ताईंना, माझ्या मोठ्या नणंदेला, ते पटत नव्हतं. त्या जवळच राहतात, आठवड्यातून एकदा येतात. गेल्या वेळी बाबांनी त्यांना तासाभरात दोनदा विचारलं होतं, "जावईबापू आले नाहीत?" जावईबापू शेजारी बसून चहा पीत होते.

"डॉक्टरांना दाखवून घे एकदा," त्या मला म्हणाल्या. मी नेलं. डॉक्टरांनी त्यांना वार विचारला, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांनी थोडी गंमत केली, थोडं चुकले. मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात एवढं होतं. पण घरी तुम्ही बघता. रोजच्या कामात काही फरक?"

मी म्हटलं, "उलट सुधारलेत. रोज सकाळी गणितं करतात. आधीपेक्षा चिडचिड खूप कमी."

हे खोटं नव्हतं. पण त्या आठवड्यात माझ्या कानांनी काहीतरी वेगळं ऐकलेलं होतं. वरच्या बाणाचे दोन-चार ठोके. आणि लगेच एंटर. मधली बारीक टकटक नाही, पुटपुटणं नाही, आकडे नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "छान. मग सहा महिन्यांनी या."

घरी येताना बाबांनी रिक्षात माझा हात थोपटला. "पास झालो ना?" मी म्हटलं, "पहिल्या नंबराने."

मला अजून वाटतं, तिथून परत फिरायला हवं होतं. रिक्षा काही फार लांब गेली नव्हती.

*

पुढच्या रविवारी ताई आल्या. बाबांनी त्यांना खिडकी दाखवायला नेलं. मी ठकूला कडेवर घेऊन मागे उभी होते. ताई हुशार आहेत, हिशेब तपासायचं काम करतात, त्यांची नजर आकड्यावरून घसरत नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, सगळ्या गावाच्या भिंती झाल्या, लेकीची भिंत तेवढी राहिली. माझ्या बाल्कनीची पश्चिमेची भिंत रिकामी आहे. आत्ता काढून द्या की."

"देतो की! त्यात काय," बाबा म्हणाले आणि कीबोर्डवर हात ठेवून बसले.

ते बसून राहिले. बोटं कळांच्या वर, हवेत. कर्सर लुकलुकत होता. ताईंनी माझ्याकडे बघितलं. बाबांच्या मानेवर, कॉलरच्या वर, एक शीर हलताना मला दिसत होती. ठकू माझ्या केसांशी खेळत होती. मला दिसलं ते एवढंच की ताई आत्ता काहीतरी बोलणार, ते बोलणं नवऱ्यापर्यंत जाणार, आणि मग पुढच्या महिन्यात मी ऑफिसला जाणार नाही.

"बाबा, ते ग्रंथालयाच्या भिंतीचं गणित केलं होतं ना, तीच ओळ वर घ्या," मी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरून हात लांब करून मीच वरचा बाण दाबला.

ओळ आली. ग्रंथालयाची भिंत दक्षिणेची. भिंतीच्या जागी दक्षिणेचा आकडा होता. आता डावा बाण, तेवढा आकडा बदलायचा. मी हात मागे घेतला आणि थांबले.

बाबांनी ओळीकडे बघितलं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले. आणि एंटर दाबलं.

उत्तरांची रांग सरसर खाली आली. ताई म्हणाल्या, "बापरे, एवढ्या झटक्यात!" बाबा म्हणाले, "सूनबाईची कृपा." आणि मी, जिला माहीत होतं की ही पश्चिमेची भिंत नाही, मी म्हणाले, "ताई, चहा टाकू?"

पत्रा कापून आला, काटा बसला, जावईबापूंनी शिडीवर चढून घड्याळ भिंतीला लावलं. ताईंनी फोटो पाठवला. नवऱ्याने तो सगळ्यांना पाठवला.

माझी ऑफिसची तारीख ठरली. त्याआधी एक रंगीत तालीम करू, असं मीच म्हटलं. एका सकाळी ठकूला बाबांकडे ठेवून मी बाहेर गेले. काम काहीच नव्हतं. दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या, एक लगेच द्यायची, दुसरी दुपारची. बाबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "अगं जा, नाहीतर मीच तुला फिरायला नेतो." मी रस्त्यावर आले, औषधांच्या दुकानापाशी उभी राहिले, मग पुढच्या बागेत जाऊन बाकावर बसले आणि बाकावरूनही कान घराकडेच. थोड्या वेळाने राहवेना म्हणून परत आले.

दाराबाहेर उभी राहून ऐकलं. वरचा बाण, वरचा बाण, एंटर. आणि ठकूची कुरकुर.

आत गेले तर ठकू बाबांच्या मांडीवर होती. तिचं झबलं, बाबांचा सदरा, खुर्चीचा हात, सगळ्यावर उलटीतलं दूध. बाबा शांतपणे रुमालाने तिची हनुवटी पुसत होते. "भुकेली होती गं फार," ते म्हणाले. टेबलावर दोन्ही बाटल्या रिकाम्या. ठकूला काही झालं नव्हतं. पोट हलकं झाल्यामुळे ती आता हसत होती. मी तिला घेतलं, धुतलं, कपडे बदलले.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "दुपारची बाटली कुठे ठेवलीस? दिली पाहिजे ना तिला."

"मी देते बाबा," मी म्हटलं.

दुपारी नवरा आला. "काय, कशी झाली तालीम?"

"छान," मी म्हणाले. हा शब्द मी त्या महिन्यात इतक्या वेळा वापरला की तो आता माझ्या तोंडाला नकोसा झालाय.

ताईंचा फोन आला तोही त्याच दिवसांत. "अगं, ते घड्याळ वेड लागल्यासारखं वागतंय. ऊन पडतं चार वाजता, आणि सावली सकाळच्या नऊवर. संध्याकाळ होत आली की बारा. माझ्या भिंतीचे बारा वाजवलेत बाबांनी." त्या हसत होत्या, पण हसणं मध्येच थांबलं. "बाबांचं काही चुकलं का गं?"

"पत्रा तिरका बसला असेल ताई," मी म्हटलं.

*

त्यानंतर मी खिडकीत अजून एक सुधारणा केली. खिडकी सगळं साठवायची, एकच ओळ दहादा लिहिली तर दहादा. त्यामुळे हवी ती ओळ शोधायला बाण फार वेळा दाबावा लागायचा. म्हणून मी असं केलं की सारखी ओळ एकदाच राहावी. पुन्हा तीच आली तर आधीची पुसली जावी. अशा खिडक्यांत हे सर्रास करतात, मी काही जगावेगळं केलं नाही. बाबांची बोटं दुखायला नकोत म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण बारीक बघायची सवय लागलेल्या माणसाला स्वतःकडेही बघावं लागतं. मला माहीत करून घ्यायचं होतं. आणि ते माझ्या तोंडून कुणाला सांगायला लागू नये, मशीननेच सांगावं, असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून बाबा खुर्चीत बसले. मी त्यांच्या खोलीत खालीच ठकूपुढे खेळणी पसरून बसले होते. त्यांनी वरचा बाण दाबला. ओळ आली. अजून एकदा. अजून एकदा. अजून एक-दोनदा. मग पुढच्या ठोक्याला ओळ आली नाही. संगणकातून "टुंग" असा आवाज आला. याच्या मागे काही नाही, असं सांगणारा.

बाबांनी परत दाबलं. टुंग. ठकूने आवाजाकडे बघितलं आणि टाळी वाजवली. परत. टुंग.

इतक्या आठवड्यांच्या सकाळी, आणि सगळ्या मिळून मूठभर ओळी.

"मशीन रजेवर गेलंय वाटतं," बाबा म्हणाले. माझ्याकडे पाठ होती. मी हसले नाही. त्यांनी खुर्ची वळवली.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"बाकीच्या नव्हत्याच बाबा. सारख्या होत्या, त्या मी एकदाच ठेवल्या."

त्यांनी ठकूकडे बघितलं. ती लाकडी चक्रीचा दांडा तोंडात घालून चघळत होती.

"मला वाटायचं, कामं उरकतायत," ते म्हणाले. "बाण दाबला की ओळ यायची. नीटनेटकी, एक कंस इकडचा तिकडे नाही. मनात यायचं, आपणच लिहिली आहे, म्हणजे आपल्याला येतंय. एंटर दाबलं की उत्तर. दिवस चांगला जायचा." मग जरा हसले. "ग्रंथालयाला किती घड्याळं दिली गं मी?"

"द्यायची राहिली आहेत. कागदावरच आहेत."

"आणि ताईची भिंत?"

मी पसरलेली खेळणी गोळा करायला लागले.

"पश्चिमेची आहे तिची बाल्कनी," बाबा सावकाश म्हणाले. "ग्रंथालय दक्षिणेचं." त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवशी तू मागे उभी होतीस."

"हो."

मला वाटलं, आता विचारतील. ते विचारत नाहीत हे बघून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर शोधायला वेळ लागला. मी पुढे झाले नाही.

"बारक्या, कामात आहेस? मग अर्धा मिनिट ऐक. ठकीला सकाळी माझ्याजवळ ठेवायचं नाही... नाही, तिने काही केलं नाही. माझ्याच्याने होणार नाही. त्या दिवशी मी तिला दोन्ही बाटल्या पाजल्या... अरे, नंतर कळलं. झबलं वाळत घातलेलं आणि दोन्ही बाटल्या धुतलेल्या दिसल्या तेव्हा... ओरडू नकोस, ठकी बरी आहे. आणि घरी येऊन बायकोला बोलायचं नाही, सांगून ठेवतो. तिला बिचारीला काय माहीत."

फोन ठेवून ते ठकूशी बोलायला लागले. "काय गं चक्रीखाऊ?" मी खाली बसलेलीच. मला ते वाक्य उचलून घरात कुठेतरी ठेवून द्यावंसं वाटत होतं. तिला बिचारीला काय माहीत. किती सोयीचं होतं ते. कुणी तपासणार नव्हतं. नवरा घरी येऊन मला जवळ घेणार होता, ऑफिसला मी कळवणार होते की सासऱ्यांची तब्येत अचानक बिघडली. अचानक हा शब्दही मनात तयार होता. बाण दाबायचा अवकाश.

बाबांनी मला वाचवलं होतं, ते मला ओळखून वाचवलं होतं की न ओळखता, ते मला आजही ठरवता येत नाही.

नवरा आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. चप्पल काढून तो थेट बाबांच्या खोलीत गेला, मग माझ्याकडे आला. "तुला कळलं असतं तर तू सांगितलंच असतंस," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"मला कळलं होतं," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी बाटल्यांचं बोलतेय. मग मी बाकीचं सांगितलं. डॉक्टरांना काय बोलले. ताईंच्या घड्याळात बाण कुणी दाबला. ऐकू काय येत होतं, आणि कधीपासून. ठकूने त्याच्या पँटला धरून उभं राहायचा प्रयत्न केला, त्याने तिला उचललं आणि तिच्या मानेत तोंड लपवलं.

"कशासाठी?" एवढंच त्याने विचारलं.

"मला कामावर जायचं होतं."

"ते मला सांगितलं असतंस तर दुसरं काही केलं नसतं का आपण?"

केलं असतं. हेच तर. अडचण मोठी असती तर निदान तिच्या आड लपता तरी आलं असतं. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी अगदी नीट वागत होता, पाहुण्याशी वागावं तसा.

ताईंना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मग बाल्कनीत गेल्या, स्टूल ओढलं आणि स्वतःच घड्याळाचे स्क्रू काढायला लागल्या.

"मी काढते ताई."

"तू स्टूल धर." थोड्या वेळाने वरूनच म्हणाल्या, "मला शंका होती. मीही नंतर विचारलं नाही. बाबा खुश दिसत होते, कुणाला नको असतं ते?" मग पत्रा माझ्या हातात दिला. "पण मी डॉक्टरांपुढे नव्हते गं." ते त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांकडे या वेळी त्या आल्या. पुन्हा तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. लवकर आलो असतो तर काही फरक पडला असता का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते आता सांगता येणार नाही." त्यांनी ते सहज सांगितलं. मी ते रोज थोडं थोडं ऐकते. ठकूसाठी एक बाई मिळाल्या, सकाळच्या, त्या बाबांवरही लक्ष ठेवतात. मी कामाला जाते, थोड्या तासांसाठी. बाबा त्या बाईंना रोज सांगतात की माणसाला तोंड फिरवता येतं, भिंतीला येत नाही. त्या रोज म्हणतात, "असं होय!"

खिडकी मी बंद करणार होते. बाबांनीच अडवलं.

"बंद कशाला? बाणाने मागे जाऊन चूक दुरुस्त करता येते, ते फार चांगलं आहे. ओळ पण येऊ दे. एवढी लांब मला आता लिहवत नाही. फक्त असं कर," ते म्हणाले, आणि मग थांबले. मला वाटलं, विसरले. मी वाट बघितली. "ओळ येईल तेव्हा भिंतीचा कोन रिकामा येऊ दे. आणि तो भरल्याशिवाय एंटर चालायला नको. म्हणजे मला कुणालातरी विचारावं लागेल."

तसं करून दिलं. गेल्या रविवारी आम्ही ताईंच्या भिंतीचं गणित करायला बसलो. ठकू माझ्या मांडीवर, बाबा खुर्चीत. त्यांनी वरचा बाण दाबला. ओळ आली, मध्ये जागा सोडून, पडलेल्या दातासारखी. कर्सर त्या जागेत जाऊन लुकलुकायला लागला. बाबांनी सवयीने एंटर दाबलं. टुंग. परत दाबलं. टुंग. मग बोटं हवेत थांबली.

आकडा मला माहीत होता. मी दोन्ही हात ठकूच्या पोटाभोवती घट्ट धरून ठेवले. तिला ते आवडलं नाही, ती सुटायला धडपडायला लागली.

"कुठली भिंत गं?" बाबांनी विचारलं.

"ताईंची. पश्चिमेची."

"पश्चिमेची," ते म्हणाले. खोलीच्या खिडकीबाहेर बघितलं, ऊन कुठून येतंय ते बघितलं, हाताने हवेत एक कोन धरला. मग एक आकडा लिहिला. तो थोडा चुकला होता. त्यांनी स्वतःच मान हलवली, डावा बाण दाबला, एक घर मागे गेले, आणि तिथे पुन्हा थांबले.

"कुठली म्हणालीस?"

"पश्चिमेची, बाबा," मी म्हटलं.